घरची भाकरी आणि शाळेची पंगत

उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर आणि मधून वाहणारी तापी, अशा विस्तीर्ण खोऱ्यात खानदेश वसला आहे. १९०६ साली या प्रदेशाचे पूर्व खानदेश व पश्चिम खानदेश असे दोन भाग करण्यात आले. तेच पुढे जळगाव व धुळे जिल्हे म्हणून ओळखले जाऊ लागले. १९९८ साली धुळे जिल्ह्यातून नंदुरबार हा जिल्हा वेगळा झाला. येथील भूमी मोठी उदार आहे. रावेर आणि यावल या तालुक्यांत केळीच्या बागा दूरवर पसरलेल्या दिसतात. काळ्या कसदार रानात कापूस, ज्वारी, तूर आणि उडीद पिकतात. धुळ्याकडील हलक्या जमिनीत बाजरी व भुईमूग येतो, तर साक्रीच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात नागली आणि भात होतो.

ज्या प्रदेशात धान्य, कडधान्य, फळे आणि गळिताची पिके यांची अशी रेलचेल आहे, तेथील मुले सुदृढ असलीच पाहिजेत, असे कोणासही वाटेल. परंतु वस्तुस्थिती तशी नाही. २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. त्या पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभर बालकांपैकी सुमारे ३५ बालके वयाच्या मानाने ठेंगणी आढळली. सहा महिन्यांहून मोठ्या बालकांत रक्तक्षय झालेल्यांचे प्रमाण तर दोन-तृतीयांशांहून अधिक निघाले. खानदेशही यास अपवाद नाही. शेतात पिकते पुष्कळ, पण ते योग्य रीतीने मुलांच्या ताटात पोहोचत नाही, असाच याचा अर्थ होतो.

असे होण्याची कारणे दोन आहेत. काही घरांत दारिद्र्यामुळे पोटभर अन्नच मिळत नाही. आईबाप पहाटे मजुरीस निघून जातात आणि मूल चहाच्या घोटावर शाळेत येते. दुसऱ्या काही घरांत पोट भरते, परंतु ज्या अन्नाने ते भरते त्यात पोषण थोडे असते. पहिल्या घरातील मुलाची भूक डोळ्यांना दिसते. दुसऱ्या घरातील मुलाची भूक दिसत नाही. ती हाडांत, रक्तात आणि बुद्धीत दडून राहते. म्हणून तिला ‘छुपी भूक’ असे म्हणतात.

अन्न हे केवळ पोट भरण्याचे साधन नव्हे. शरीराला त्याचा तीन प्रकारे उपयोग होतो. धान्ये, तेल, गूळ यांपासून काम करण्याची शक्ती मिळते. डाळी, दूध, अंडी, मांस, शेंगदाणे यांतील प्रथिनांपासून स्नायू आणि इतर अवयव घडतात व त्यांची झीज भरून निघते. भाज्या आणि फळे यांतील जीवनसत्त्वे व क्षार शरीराचे रक्षण करतात. अकरा ते तेरा वर्षांच्या सुमारास मुलामुलींची उंची झपाट्याने वाढू लागते. घर बांधताना विटा, माती आणि लाकूड ही सामग्री वेळेवर न आल्यास काम अडून राहते. वाढत्या शरीराचेही तसेच आहे. या वर्षांत राहिलेली उणीव पुढे भरून काढणे कठीण असते.

अन्नातील सूक्ष्म घटकांचे हे महत्त्व मनुष्यास फार उशिरा कळले. ते कसे कळले, याची हकीकत मनोरंजक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर बेरीबेरी नावाच्या रोगाने थैमान घातले होते. या रोगात हातपाय लुळे पडत आणि अनेक रोगी दगावत. क्रिस्तियान आइकमान हे डच डॉक्टर त्याचे कारण शोधीत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांनाही असाच रोग जडला. त्यांचे पाय लटपटू लागले. काही महिन्यांनी मात्र कोंबड्या आपोआप बऱ्या झाल्या. आइकमान यांनी चौकशी केली, तेव्हा त्यांना एक साधी गोष्ट आढळली. मधल्या काळात कोंबड्यांना रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील उरलेला पांढराशुभ्र भात घातला जात होता. पुढे नवा आचारी आला. लष्कराचा भात कोंबड्यांना देण्यास तो कबूल होईना. तेव्हा त्यांना पूर्वीप्रमाणे कोंडा न काढलेला तांदूळ मिळू लागला आणि त्यांचा रोग हटला. तांदूळ पांढरा करण्याच्या नादात माणूस जो कोंडा फेकून देत होता, त्यातच जीवनाला आवश्यक असे तत्त्व होते. या शोधाबद्दल आइकमान यांना १९२९ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

भारतातही याच दिशेने संशोधन झाले. दक्षिणेतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन या डॉक्टरांनी उंदरांवर प्रयोग केले. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील लोक जे खातात, तेच त्यांनी उंदरांच्या निरनिराळ्या गटांना खाऊ घातले. ज्या गटाला अख्ख्या गव्हाची पोळी, डाळ, दूध व ताज्या भाज्या मिळाल्या, त्यातील उंदीर धष्टपुष्ट झाले. ज्या गटाला सडलेल्या पांढऱ्या तांदळावरच भर असलेला आहार मिळाला, त्यातील उंदीर खुरटे व रोगट राहिले. कुन्नूरची ही संस्था १९५८ साली हैदराबाद येथे हलविण्यात आली. आज ती राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने प्रसिद्ध आहे. भारतातील कोणत्या धान्यात, डाळीत वा भाजीत कोणते घटक किती आहेत, याचे मोजमाप तेथे केले जाते.

या मोजमापांकडे पाहिले म्हणजे खानदेशातील जुन्या स्वयंपाकघराविषयी आदर वाटू लागतो. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी करताना दाणे सालासकट दळले जातात; कोंडा फेकला जात नाही. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि ४ मिलिग्रॅम लोह असते. पांढऱ्या तांदळात लोहाचे प्रमाण १ मिलिग्रॅमही भरत नाही. बाजरीत तर लोह ज्वारीपेक्षाही अधिक असते. साक्रीच्या डोंगराळ भागातील आदिवासी बांधवांची नागली दिसायला काळसर व ओबडधोबड असते. परंतु १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. हाडे व दात ज्या कॅल्शियमाने बळकट होतात, त्या बाबतीत एकही रोजचे धान्य नागलीची बरोबरी करू शकत नाही. भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. ज्या धान्यांना शहरी लोक गरिबांचे अन्न म्हणून नाक मुरडीत असत, त्यांची थोरवी अशा रीतीने जगाने मान्य केली.

खानदेशचे खास वैशिष्ट्य म्हणजे कळण्याची भाकरी. ज्वारीत सालासकट काळे उडीद मिसळावयाचे, त्यात थोडे मीठ घालावयाचे आणि सर्व एकत्र दळून आणावयाचे. या पिठास कळणा म्हणतात. घरोघरच्या रीतीप्रमाणे प्रमाण थोडेफार बदलते. परंतु ज्वारी जास्त आणि उडीद कमी, हा नियम सर्वत्र सारखाच असतो. गरम कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा किंवा वांग्याचे भरीत आणि वरून तेलाची धार, हे थंडीच्या दिवसांतले खानदेशी माणसाचे आवडते जेवण होय.

ज्वारी आणि उडीद यांची ही जोडी केवळ चवीपुरती नाही. प्रथिने ही अमिनो आम्ले नावाच्या लहान लहान घटकांची बनलेली असतात. निरनिराळ्या रंगांचे मणी ठराविक क्रमाने ओवून माळ करावी, तशी शरीर या घटकांची जुळणी करते. एका रंगाचे मणी कमी पडले, तर बाकीचे मणी शिल्लक असूनही माळ पुरी होत नाही. ज्वारीत लायसिन नावाचा घटक कमी असतो. उडदात तो भरपूर असतो. उलट उडदात मेथिओनिन कमी असते. ती उणीव ज्वारी भरून काढते. दोन्ही एकत्र आली म्हणजे माळ पूर्ण होते. वरणभात, डाळभाकरी आणि खिचडी यांमागेही हेच तत्त्व आहे. असोदे येथे जन्मलेल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) यांच्यासारख्या स्त्रिया कधी शाळेत गेल्या नाहीत. रसायनशास्त्राचे नावही त्यांच्या कानी आले नसेल. तरी त्यांच्या पिढीच्या हातांनी जात्यावर जे दळले, ते शास्त्राच्या कसोटीस उतरले. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव हीच त्यांची प्रयोगशाळा होती.

मात्र केवळ भाकरी आणि ठेचा एवढ्यावर शरीराच्या सर्व गरजा भागत नाहीत. भाकरीबरोबर पालेभाजी हवी. मेथी, पोकळा, तांदुळजा, अंबाडी, शेवग्याचा पाला या भाज्या स्वस्त असतात, आणि त्यांतून क्षार व जीवनसत्त्वे मिळतात. पालेभाजीतील ‘अ’ जीवनसत्त्व तयार करणारा घटक तेलाबरोबर खाल्ल्यास अंगी चांगला लागतो. म्हणून भाजीत थोडे शेंगदाण्याचे तेल किंवा कूट घालण्याची खानदेशी पद्धत योग्यच आहे. तिळाची चटणी पानाच्या डाव्या बाजूस थोडीशीच वाढतात. पण तिच्यात कॅल्शियम विपुल असते.

लोहाच्या बाबतीत एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. धान्य व भाज्या यांतील लोह शरीरात सहजासहजी शोषले जात नाही. त्याच वेळी लिंबू, आवळा, पेरू, टोमॅटो असे ‘क’ जीवनसत्त्व असलेले काही खाल्ले, तर ते अधिक शोषले जाते. चहाचा परिणाम याच्या नेमका उलट होतो. चहातील तुरट द्रव्ये लोहाला धरून ठेवतात आणि त्याचा बराचसा भाग वाया जातो. जेवणाबरोबर चहा घेणाऱ्या मुलाने भाकरी व भाजी खाल्ली, तरी त्यातील लोहाचा लाभ त्यास पुरेसा होत नाही. रक्तात लोह कमी झाले म्हणजे चेहरा फिकट पडतो, थोडे धावल्यावर दम लागतो आणि वर्गात लक्ष लागत नाही. अशा मुलास पुष्कळदा आळशी म्हणून बोलणी खावी लागतात. वस्तुतः ते आळशी नसते; त्याच्या रक्ताला लोह हवे असते. वाढत्या वयातील मुलींस तर लोहाची गरज अधिकच असते. शाळांतून दर आठवड्यास लोहाची गोळी व ठराविक काळाने जंतनाशक गोळी देतात, त्यामागे हाच हेतू आहे.

जळगाव जिल्ह्याची केळी आणि तेथील भरिताची वांगी या दोहोंस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मातीचा व हवामानाचा गुण ज्या पदार्थात उतरलेला असतो, त्यास हा मान देण्यात येतो. केळे हे धुण्याची, चिरण्याची वा शिजविण्याची जरूर नसलेले फळ आहे. ते शक्ती देते आणि पोटॅशियम नावाचा उपयुक्त क्षारही पुरविते. सावदा व रावेर येथून रेल्वेच्या वाघिणी भरून केळी दिल्लीकडे गेलेली आहेत. आश्चर्य एवढेच, की ज्या गावातून ही केळी बाहेर जातात, त्याच गावातील मूल मधल्या सुटीत हातातील नाण्यांनी तळलेल्या कुरकुरीत पदार्थाचे पुडके विकत घेते.

हे पुडके दिसते आकर्षक आणि लागते चविष्ट. त्यात मुख्यतः मैदा किंवा तत्सम पीठ, तेल आणि पुष्कळ मीठ असते. ते खाल्ल्यावर भूक मरते आणि घरची भाकरी डब्यात तशीच राहते. शीतपेयांची गोष्टही निराळी नाही. साध्या गोड शीतपेयाच्या २५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे साखर असते. दिवसभरात वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवणे हितकर, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा एका बाटलीनेच दिवसाचा हिशोब पुरा होतो. दात किडणे, लठ्ठपणा येणे आणि पुढे मधुमेहासारखे विकार जडणे, ही या सवयीची फळे होत. म्हणून शाळेच्या आवारात व तिच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत अतिशय तेलकट, खारट व गोड पदार्थ विकू नयेत, असा नियम २०२० साली देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने केला. सणासुदीला घरी शेव, मांडे वा पुरणपोळी खाण्यात काही गैर नाही. परंतु सण रोज येत नसतो, आणि रोज येऊही नये.

चांगल्या सवयी लावण्याचे काम घराचे आहे, हे खरे. पण ज्या घरात धान्याचे डबेच रिकामे आहेत, तेथे केवळ उपदेशाने काय होणार? म्हणून हे काम शाळेनेही अंगावर घेतले. भारतात याची सुरुवात मद्रास शहरात झाली. तेथील नगरपालिकेने १९२० साली आपल्या एका शाळेत गरीब मुलांना खाणे देण्यास आरंभ केला. पुढे के. कामराज हे मद्रास राज्याचे मुख्यमंत्री झाले. गुरे राखणाऱ्या एका मुलास त्यांनी शाळेत का जात नाहीस असे विचारले, आणि शाळेत गेल्यास जेवायला कोण घालील, असा उलट प्रश्न त्या मुलाने केला, अशी आठवण सांगतात. १९५६ साली कामराज यांनी शाळांमधून दुपारच्या जेवणाची योजना राज्यभर नेण्यास प्रारंभ केला. भुकेल्या पोटी विद्या चढत नाही, हे सत्य त्यांनी ओळखले होते. कारण गरिबीमुळे त्यांचे स्वतःचे शिक्षणही लहानपणीच सुटले होते.

संपूर्ण देशासाठी अशी योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. आरंभी महाराष्ट्रात शिजविलेले अन्न मिळत नसे; नियमित हजर राहणाऱ्या मुलास दरमहा ३ किलो तांदूळ घरी नेण्यासाठी देण्यात येई. तो तांदूळ घरातील सर्वांत वाटला जाई आणि मुलाच्या वाट्यास थोडाच येई. २००१ सालच्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजविलेले गरम जेवणच दिले पाहिजे, असा आदेश दिला. त्यानंतर शाळाशाळांतून चुली पेटल्या. २००८ साली आठवीपर्यंतच्या मुलांचा त्यात समावेश झाला. २०२१ सालापासून ही योजना ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ या नावाने चालते.

सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलामागे १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल, असे या जेवणाचे माप ठरलेले आहे. त्यातून ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, अशी अपेक्षा असते. धान्य, डाळ, भाजी व तेल ही चारही अंगे या मापात आलेली आहेत. शक्ती देणारे, शरीर घडविणारे आणि शरीराचे रक्षण करणारे, असे तिन्ही प्रकारचे घटक त्यात एकत्र नांदतात.

हे काम कागदावर सोपे दिसते. प्रत्यक्षात त्यास अनेकांचे हात लागतात. स्वयंपाक करणाऱ्या बाया सकाळीच येऊन तांदूळ निवडतात, डाळ धुतात. मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षक ते अन्न स्वतः चाखून पाहतात आणि वहीत तशी नोंद करतात. मुले साबणाने हात धुऊन रांगेने बसतात. हात न धुता जेवल्यास नखांतील घाणीबरोबर जंतांची अंडी पोटात जातात, आणि मग ताटातील अन्नाचा वाटा मुलाऐवजी जंतांस मिळतो. पंगतीत शेतमालकाचे मूल आणि मजुराचे मूल शेजारी शेजारी बसतात. एकेकाळी याच देशात जातीवरून पंगती वेगळ्या मांडल्या जात, पाणीही वेगळे दिले जाई. एकाच पातेल्यातले अन्न एकत्र बसून खाण्याने समतेचा जो धडा मिळतो, तो पुस्तकातील धड्याहून अधिक खोल रुजतो.

या पंगतीत काही उणिवाही असतात. रोज तीच ती खिचडी पुढे आली, तर मुलांची रुची उडते आणि अन्न टाकून दिले जाते. भाजी महाग झाली, म्हणजे पातेल्यातील भाजीचे माप घटते. यावर एक उत्तम उपाय म्हणजे शाळेची परसबाग. हात धुतलेले पाणी वाया न घालविता ते वाफ्यात सोडावे. तेवढ्यावर मेथी, पालक, टोमॅटो आणि वांगी येऊ शकतात. कुंपणाच्या कडेने शेवग्याची दोन झाडे लावली, तर वर्षानुवर्षे शेंगा व पाला मिळतो. शिवाय ज्या मुलाने वाफ्यास पाणी घातलेले असते, ते मूल त्या वाफ्यातील भाजीला सहसा नाक मुरडीत नाही. आवड लावण्याची याहून चांगली युक्ती नाही.

दुसरा उपाय गावाच्या हाती आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने मुलांस आठवड्यातून एकदा अंडे, आणि अंडे न खाणाऱ्यांस केळे किंवा दुसरे फळ देण्याचे ठरविले होते. २०२५ च्या आरंभी अंड्यांसाठीचा शासनाचा निधी बंद झाला आणि हा खर्च लोकसहभागातून करावा, असे ठरले. म्हणजे मुलांच्या ताटातील हा पौष्टिक घास चालू राहावा की नाही, हे पुष्कळ अंशी गावाच्या इच्छेवर येऊन राहिले. केळीच्या बागायतदाराने आठवड्यातून एक घड शाळेस दिला, तर त्याच्या बागेस काही उणे पडत नाही. पण शाळेतील पुष्कळ मुलांस एकेक केळे मिळते. वाढदिवस, लग्न, थोरांची पुण्यतिथी अशा निमित्ताने शाळेतील सर्व मुलांस जेवू घालण्याची ‘तिथिभोजन’ नावाची प्रथाही या योजनेत मान्य केलेली आहे. खानदेशात भंडाऱ्याच्या वेळी वरण-बट्टी व वांग्याच्या भाजीची पंगत अवघ्या गावास उठते. त्या पंगतीचा एक दिवस शाळेच्या वाट्यास येणे मुळीच अवघड नाही.

अशा सहकार्याची परंपरा खानदेशास नवी नाही. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीच्या काठी शेतकऱ्यांनी शेकडो वर्षे ‘फड’ पद्धतीने शेती केली. नदीवर लहान बंधारे घालावयाचे, पाटाने पाणी आणावयाचे, आणि ते कोणाच्या शेतास कधी द्यावयाचे हे गावकऱ्यांनीच मिळून ठरवावयाचे, अशी ती रीत होती. पाटकरी पाणी वाटीत असे. पाटाची दुरुस्ती सर्वांनी मिळून करावयाची असे. पाटाच्या तोंडाशी असलेल्या शेतास पाणी मिळाले आणि शेवटच्या शेतास मिळाले नाही, तर ती व्यवस्था मोडली असे समजत. अन्नाचेही तसेच आहे. गावात धान्य पुष्कळ आहे, एवढ्याने भागत नाही. ते पंगतीच्या शेवटच्या ताटापर्यंत पोहोचले पाहिजे.

या कामात मुलांचाही वाटा आहे, आणि तो लहान नाही. सकाळी चहात बुडविलेल्या टोस्टाऐवजी रात्रीच्या भाकरीचा दुधात कुस्करलेला काला किंवा मूठभर शेंगदाणे व गूळ खाऊन शाळेत येणे कोणालाही जमण्याजोगे आहे. जेवताना लिंबाची फोड पिळून घेणे, चहा जेवणापासून निदान एक तास दूर ठेवणे, हवे तेवढेच वाढून घेणे आणि पानात काही न टाकणे, यांस पैसा लागत नाही. डब्यातील कळण्याची किंवा बाजरीची काळसर भाकरी कोणी झाकून खात असेल, तर शेजारच्या मुलाने तिचा एक तुकडा मागून घ्यावा. त्या तुकड्याने डबा आणणाऱ्या मुलाची लाज जाते आणि मागणाऱ्याच्या पोटात चांगले अन्न जाते.

धान्य पिकविणे हे शेतकऱ्याचे काम. ते शिजविणे हे घराचे आणि शाळेचे काम. ते सर्वांस सारखे मिळते की नाही, हे पाहणे संपूर्ण गावाचे काम आहे. ही तिन्ही कामे नीट पार पडली, तर तापीच्या खोऱ्यातील काळी माती जे देते, ते येथील मुलांच्या अंगी लागेल. मग शाळेच्या मैदानावर धावताना कोणाचा दम लवकर तुटणार नाही, आणि दुपारच्या तासाला भुकेने कोणाचे डोळे मिटणार नाहीत.